डोळ्यांना न दिसणारा डाग

निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत दिवसभर राबलेल्या माणसाने हात धुतले, तरी त्यांना तंबाखूचा वास येत राहतो. डोळ्यांना हात स्वच्छ दिसतात. नाक मात्र निराळे सांगते. पण ज्या पदार्थाला रंग नाही आणि वासही नाही, तो सांडला आहे हे कसे ओळखावे? जनुकोपचाराची औषधे हाताळणाऱ्या रुग्णालयांपुढे आज हाच प्रश्न आहे.

विषाणूपासून औषध करणे आपल्या भागाला नवे नाही. बेळगावच्या टिळकवाडीतील ‘व्हॅक्सिन डेपो’त पूर्वी जनावरांच्या कातडीवर सौम्य विषाणू वाढवून देवीची लस तयार करीत. जनुकोपचारात विषाणूकडून वेगळे काम घेतात. त्याची वाढण्याची शक्ती काढून घेऊन त्याच्या पोटात उपयुक्त जनुक ठेवतात. मग टपालवाल्याप्रमाणे तो ते जनुक पेशीत पोहोचवितो. मुंबईची आयआयटी व टाटा स्मारक रुग्णालय यांच्या सहकार्यातून सिद्ध झालेला, रक्ताच्या काही कर्करोगांवरील ‘नेक्सकार १९’ हा उपचार याच तत्त्वावर आधारलेला आहे. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी ४ एप्रिल २०२४ रोजी त्याचा प्रारंभ केला.

काही जनुक-औषधे रुग्णालयाच्या औषधशाळेतच अखेरची तयार करावी लागतात. बालकांच्या स्नायूंची शक्ती हरण करणाऱ्या एका आनुवंशिक रोगावरील ‘झोल्जेन्स्मा’ला अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली. हे औषध गोठवून पाठवितात. ते वितळल्यावर सिरिंजमध्ये भरतात. त्यातील वाहक विषाणूचा कण सुमारे २५ नॅनोमीटरचा असतो. एका मिलिमीटरात असे ४० हजार कण ओळीने मावतील! बालकाच्या वजनाच्या दर किलोमागे सुमारे ११० लक्ष कोटी कण द्यावे लागतात. तेव्हा सुईच्या टोकावरून उडालेल्या थेंबात किती असतील, याची कल्पना आपणच करावी.

हे कण वाढत नाहीत, हे खरे. तथापि ते वारंवार शरीरात गेल्यास त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण होण्याची शक्यता असते. आणि अशा माणसाला पुढे तोच उपचार घेण्याची वेळ आली, तर तो निष्फळ ठरू शकतो. शिवाय एका औषधाचा अंश दुसऱ्या रुग्णाच्या औषधात जाता कामा नये.

म्हणून काम हवा गाळणाऱ्या बंदिस्त कपाटात करतात व पृष्ठभागांची तपासणी ठेवतात. कपाटाचा तळ, बाटलीची बाहेरची बाजू, हातमोजे, दाराची मूठ अशा ठरावीक जागा ओलसर बोळ्याने पुसून घेतात. हे नमुने कामापूर्वी, कामानंतर आणि सफाईनंतर घेतात. करोनाच्या साथीत आपल्या परिचयाच्या झालेल्या पीसीआर चाचणीने त्यांतील जनुकाचा अत्यल्प अंशही असंख्य पटींनी वाढवून ओळखता येतो. सफाईनंतरही तो आढळला, तर सफाईची पद्धत बदलावी लागते. या जातीच्या विषाणूंना स्निग्ध वेष्टन नसल्याने केवळ स्पिरिटने पुसणे पुरेसे नसते. अधिक प्रभावी रसायन नेमून दिलेला वेळ पृष्ठभागावर राहू द्यावे लागते.

मात्र ही चाचणी जनुकाचा अंश दाखविते. तो कण कार्यक्षम आहे की निकामी, हे ती सांगत नाही. म्हणून तिचा निष्कर्ष विवेकानेच वाचावा लागतो.

‘स्वच्छ दिसते’ आणि ‘स्वच्छ आहे’ या दोन वाक्यांत केवढे अंतर आहे! ते अंतर मोजून पाहण्याची चिकाटी हाच शास्त्राचा खरा संस्कार होय. विद्यार्थिमित्रांनो, तो आपण प्रयोगशाळेतील पहिल्या परीक्षानळीपासूनच अंगी बाणवू या.