प्राचीन रोममध्ये मुलगी 'मोठी' कधी व्हायची?

रोमन मुलगा साधारण १४ ते १७ वर्षांचा झाला, की गळ्यातला 'बुल्ला' हा ताईत घरच्या देवांना वाहायचा आणि मोठ्यांचा पांढरा टोगा नेसायचा. बहुतेकदा १७ मार्चच्या लिबेरालिया सणाला. (वडील हयात असेपर्यंत मालमत्ता मात्र त्यांच्याच नावावर!) मुलींसाठी असा सोहळा नव्हता. लग्न झालं की त्या मोठ्या. कायद्याने त्यासाठी १२ वर्षं पुरेशी होती.

कॅरोलिन लॉरेन्स यांच्या 'द रोमन मिस्टरीज' या किशोर कादंबऱ्यांतली फ्लाविया म्हणूनच लक्षात राहते. २००१ मध्ये आलेल्या पहिल्या पुस्तकातला काळ इसवी सन ७९चा. ऑस्टिया बंदरातली ही कप्तानाची मुलगी, गल्लीतल्या राखणीच्या कुत्र्यांना कोण मारतंय याचा छडा लावते. वय फक्त १०. लग्नाचं वय दोनच वर्षांवर.