विजेच्या गाडीने सहकुटुंब प्रवास

ग्वाल्हेरच्या मुलांना विजेवर चालणारे वाहन नवे नाही. जयविलास राजवाड्यातील भोजनगृहात मेजावर मांडलेली चांदीची छोटी आगगाडी आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेली आहे. पाहुण्यांसमोरून फिरणारी ती गाडी विजेवरच चालत असे. तिला एक सोय होती. वीज रुळांतून मिळत असल्याने ती बरोबर बाळगावी लागत नव्हती. रस्त्यावर धावणाऱ्या मोटारीला मात्र विजेची शिदोरी बांधून घ्यावी लागते. ती शिदोरी किती, कुठवर पुरते आणि संपत आली की पुन्हा कुठे मिळते, हे कळले की विजेच्या गाडीचा प्रवास कळला असे समजावे.

हिरव्या पाटीच्या गाड्या आता कंपूत आणि बाड्यावर रोज दिसतात. शाळेत मुलांना सोडायला येणारे पालक आम्हाला विचारतात, "गावात ठीक आहे हो, पण मे महिन्यात आजी-आजोबा आणि मुलांना घेऊन इंदूरला किंवा थेट पुण्याला जाता येईल का?" आपल्या समाजातील बहुतेक घरांचे कुलदैवत, लग्नकार्ये आणि आजोळ दूर आहे. त्यामुळे हा प्रश्न नुसत्या हौसेचा नाही. म्हणून या अंकात आम्ही त्याचा हिशेब मांडत आहोत.

शिदोरी किती?

बॅटरीत साठणारी वीज आपण युनिटमध्ये मोजतो. घराच्या वीजबिलावर असते तेच हे युनिट. समजा गाडीची बॅटरी ४० युनिटची आहे. पाच माणसे, सामान आणि चालू एसी धरला, तर महामार्गावर १०० किलोमीटरला साधारण १६ युनिट लागतात असे मानू. म्हणजे पूर्ण भरलेली बॅटरी २५० किलोमीटर चालेल. कंपनीच्या जाहिरातीतला आकडा याहून बराच मोठा असतो, कारण तो ठरावीक चाचणीत, बेताच्या वेगाने काढलेला असतो. सहकुटुंब निघताना तो आकडा विसरावा.

२५० किलोमीटर सुद्धा सगळे वापरायचे नसतात. चार्जर बंद निघाला किंवा रस्ता वळवलेला असला, तर हाताशी काही असावे म्हणून २० टक्के राखीव ठेवावे. उरले ३२ युनिट, म्हणजे २०० किलोमीटर. आपल्या हिशेबात हाच आकडा धरायचा.

वेगाचाही मोठा परिणाम होतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० ऐवजी १०० किलोमीटरने गेलो, तर हा विरोध दीडपटीहून जास्त होतो. पेट्रोलच्या गाडीतही हेच घडते, पण तिथे टाकी मोठी आणि पंप जागोजाग, म्हणून आपले लक्ष जात नाही.

पहिला धडा शिवपुरीचा

नवी गाडी घेतल्यावर पहिली सहल शिवपुरीची करावी असे आम्ही सुचवतो. शिंदे घराण्याच्या छत्र्या, तात्या टोपे यांना १८ एप्रिल १८५९ रोजी जिथे फाशी दिले त्या गावातील त्यांचे स्मारक, आणि २०२५ मध्ये व्याघ्र प्रकल्प म्हणून जाहीर झालेले माधव राष्ट्रीय उद्यान, इतके सारे एका दिवसात मुलांना दाखवता येते.

अंतर सुमारे ११५ किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन २३०. आपला आकडा २०० चा आहे. कमी पडतात ३० किलोमीटर, म्हणजे जवळपास पाच युनिट. जेवायला जिथे थांबाल तिथे परवानगी घेऊन, पैसे देऊन १५ अँपिअरच्या चांगल्या प्लगला गाडी लावली, तर तासाला सुमारे तीन युनिट मिळतात. दोन तासांत काम होते. शीघ्र चार्जरवर तेवढीच वीज पंधरा मिनिटांच्या आत मिळते. या सहलीत फारशी जोखीम नाही आणि आपली गाडी खरोखर किती वीज खाते ते नक्की कळते. तो आकडा वहीत लिहून ठेवावा. पुढचा हिशेब त्यावर करावा.

इंदूरची वाट

आता जुन्या आग्रा-मुंबई रस्त्याने इंदूरला जाऊ. एकूण अंतर सुमारे ५०० किलोमीटर. पहाटे १०० टक्के भरून निघालो.

शिवपुरीला पोहोचेपर्यंत १८ युनिट गेले. चहा-नाश्त्याच्या वीस-पंचवीस मिनिटांत ३० किलोवॅटच्या चार्जरने बॅटरी ८० टक्क्यांवर आणली. पुढे शंभरेक किलोमीटरवर गुना. तिथे अर्ध्या तासाहून थोडा अधिक थांबा. गुन्याहून नव्वदेक किलोमीटरवर ब्यावरा. तिथे जेवण आणि पुन्हा ८० टक्के. मग सारंगपूर, शाजापूरवरून देवास. तिथे वीस मिनिटे थांबलो की इंदूर गाठताना राखीव साठ्याला हात लागत नाही. चारही थांबे मिळून चार्जिंगचा वेळ दोन तासांच्या आसपास होतो. लहान मुले आणि वडीलधारी माणसे बरोबर असली की तास-सव्वा तास आपण एरवीही थांबतोच.

प्रत्येक वेळी ८० टक्क्यांवरच का थांबायचे? स्नेहसंमेलनाचे सभागृह आठवा. सुरुवातीला येणाऱ्यांना जागा पटकन मिळते. सभागृह भरत आले की उरलेली खुर्ची शोधत रांगारांगांतून फिरावे लागते. बॅटरीत लिथियमच्या कणांचेही तसेच होते. भरत आलेल्या बॅटरीत ते घाईने घुसवले तर बॅटरीला इजा होते, म्हणून गाडी स्वतःच वेग कमी करते. शेवटच्या २० टक्क्यांना अनेकदा आधीच्या ५० टक्क्यांइतका वेळ लागतो. या लिथियम बॅटरीच्या शोधासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तीन शास्त्रज्ञांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, ही गोष्ट विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी.

इंदूरहून पुढे धुळ्याकडे जाताना सेंधव्याजवळ बिजासनचा घाट लागतो. घाट उतरताना मोटर उलटे काम करून वीज तयार करते आणि ती बॅटरीत परत जाते. मात्र बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर ही वीज ठेवायला जागाच नसते. म्हणून घाटाच्या माथ्यावर १०० टक्के चार्जिंग करू नये.

चार्जरचा भरवसा

महामार्गावर दोन्ही बाजूंना दर २५ किलोमीटरवर एक तरी चार्जिंग केंद्र असावे, अशी मार्गदर्शक सूचना केंद्र सरकारने २०१८ मध्येच केली. पण सूचना आणि चालू असलेला चार्जर यांत फरक असतो. मोबाईलच्या नकाशावर दिसणारा चार्जर बंद असू शकतो, त्याच्यापुढे दुसरी गाडी उभी असू शकते, किंवा पैसे भरायला नेटवर्क नसते. म्हणून आमचा नियम असा: ज्या गावी एकच चार्जर आहे त्याच्या भरवशावर कुटुंबाला घेऊन निघू नये. आदल्या दिवशी फोन करून विचारावे, आणि पुढच्या चार्जरपर्यंत पोहोचण्याइतकी वीज नेहमी शिल्लक ठेवावी.

वाटेत इंधन मिळण्याची ही चिंता मोटारीइतकीच जुनी आहे. ऑगस्ट १८८८ मध्ये जर्मनीत बर्था बेंझ या बाईंनी आपल्या दोन मुलांना घेऊन मानहाइम ते फोर्झहाइम असा सुमारे शंभर किलोमीटरचा प्रवास मोटारीने केला. मोटारीचा हा पहिला लांबचा प्रवास मानला जातो. तेव्हा पेट्रोल पंप नव्हतेच. वाटेत त्यांनी औषधाच्या दुकानातून इंधन विकत घेतले. पंप नंतर झाले, लोक आधी निघाले.

उन्हाळा

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. तेव्हा नुसता एसीच तासाला एक-दोन युनिट खातो. शिवाय बॅटरी तापली की शीघ्र चार्जिंगचा वेग गाडी आपणहून कमी करते, आणि वीस मिनिटांचा थांबा चाळीस मिनिटांचा होतो. यावर उपाय साधे आहेत. पहाटे पाचला निघावे. घरी प्लग लावलेला असतानाच एसी चालवून गाडी थंड करून घ्यावी, म्हणजे ती वीज बॅटरीतून जात नाही. दुपारी बारा ते चार मोठा मुक्काम करावा. पाण्याचे दोन कॅन बरोबर असावेत. सत्तरीपुढची माणसे किंवा तान्हे मूल बरोबर असेल, तर इंदूरपुढचा प्रवास त्याच दिवशी करू नये. वीज कमी पडली म्हणून एसी बंद करून आजीला उन्हात बसवणे हा काटकसरीचा मार्ग नव्हे. तशी वेळ येऊ नये म्हणूनच २० टक्के राखायचे.

घरची तयारी

कंपू आणि लष्करच्या गल्ल्यांतील जुन्या वाड्यांना वाहनतळ नाही. काही घरांतून खिडकीतून वायर सोडून गाडी चार्ज केलेली दिसते. हे धोक्याचे आहे. १५ अँपिअरचा प्रवाह आठ-दहा तास सलग वाहिला तर जुनी वायर तापते आणि आग लागू शकते. गाडी घेण्याआधी जाणत्या वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे, चार्जिंगसाठी वेगळी जाड वायर आणि स्वतंत्र स्विच बसवावा. घरातला साधा एक्स्टेन्शन बोर्ड यासाठी वापरू नये.

खर्च

घरची वीज आठ रुपये युनिट आणि महामार्गावरची वीस रुपये धरली, तर इंदूरचा वरील प्रवास साधारण १,४०० रुपयांत होतो. लिटरला १५ किलोमीटर देणाऱ्या गाडीला ३३ लिटर पेट्रोल लागेल. दर १०५ रुपये धरला तर जवळपास ३,५०० रुपये झाले. पण विजेची गाडी घेतानाच महाग पडते. वर्षातून दोनदा इंदूरला जाण्याने तो फरक भरून निघत नाही, रोजच्या धावण्याने निघतो. रोज शाळा, कचेरी, बाजार असे बरेच फिरणे असेल आणि घरी चार्जिंगची सोय असेल, तर ही गाडी सोयीची. घरी सोय नसेल आणि वरचेवर लांबचे प्रवास असतील, तर तूर्त थांबावे असे आमचे मत आहे.

विद्यार्थ्यांसाठी गणित

एका गाडीची बॅटरी ४५ युनिटची आहे. १०० किलोमीटरला १५ युनिट लागतात. २० टक्के राखीव ठेवून ती ग्वाल्हेरहून २१५ किलोमीटरवरील गुन्याला न थांबता पोहोचेल का? वेग वाढवून आणि एसी जोरात लावून खर्च १८ युनिट झाला तर? दोन्ही उत्तरे काढा आणि बाबांनी वेग वाढवायच्या आधी त्यांना दाखवा.