पंचगंगा, बेंटोनाईट आणि ऑनलाईन पदवी

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावच्या एखाद्या फाउंड्रीच्या स्टोअरमध्ये जा. कोपऱ्यात, फळ्यांवर, भिंतीपासून हातभर सोडून बेंटोनाईटची पोती रचलेली दिसतील. साच्याच्या वाळूला धरून ठेवणारी ही माती कच्छकडून येते. पाळी सुरू होताना मोल्डिंगचा माणूस दारात येऊन सांगतो, “सायेब, तीन दिसाचंच हाय,” आणि स्टोअरकीपर फोन उचलतो. गाडी कुठं पोचली, पुढची कधी भरणार, तोवर शेजारच्या कारखान्यातून दहा पोती उसनी मिळतील का? सप्लाय चेन मॅनेजमेंट म्हणजे हा फोन करायची वेळच येऊ नये, याची विद्या. नोकरी न सोडता तिची पदवी आता ऑनलाईन घेता येते. ती कशी चालते आणि तिच्यातून हाताला काय लागतं, ते सविस्तर सांगतो, कारण पर्चेस, स्टोअर, डिस्पॅच या खात्यांत वर्षानुवर्षं राबलेल्या माणसांची बढती नुसत्या कागदावाचून अडलेली पाहवत नाही.

आधी कागदाचं बघू. अशी पदवी बहुतेक ठिकाणी एमबीए या नावानं मिळते आणि सप्लाय चेन किंवा ऑपरेशन्स हा तिच्यातला विशेष विषय असतो. एमबीएला आधीची पदवी लागते. आपल्या एमआयडीसीत आयटीआय आणि डिप्लोमा झालेले खूप आहेत. त्यांनी आधी बीबीए किंवा बी.कॉम.ची वाट धरावी. तीन वर्षं जास्त लागतील, पण पाया नसताना वरचा मजला चढवता येत नाही.

ऑनलाईन पदव्यांचे नियम विद्यापीठ अनुदान आयोगानं ४ सप्टेंबर २०२० ला जाहीर केले. मान्यताप्राप्त विद्यापीठानं परवानगी घेऊन दिलेली ऑनलाईन पदवी या नियमांनुसार नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची असते. मात्र परवानगी विद्यापीठाला सरसकट मिळत नाही. ती अभ्यासक्रमागणिक आणि सत्रागणिक असते. म्हणून आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या संकेतस्थळावर विद्यापीठाचं नाव, अभ्यासक्रमाचं नाव आणि आपण प्रवेश घेतोय ते सत्र, या तिन्ही गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी बघाव्यात. आता प्रवेशाआधी विद्यार्थ्याला स्वतःचा डीईबी आयडी काढावा लागतो. त्यासाठी अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं खातं लागतं आणि ते डिजिलॉकरवरून उघडता येतं. फ्रँचायझी देऊन असे अभ्यासक्रम चालवायला नियमात मुभा नाही. तेव्हा एखाद्या गाळ्यातला माणूस “पेपरची काळजी करू नका, ते आम्ही बघतो” म्हणाला, तर तिथून उठावं. फी थेट विद्यापीठाच्या खात्यावरच भरावी.

अभ्यासक्रम विद्यापीठाच्या पोर्टलवर चालतो. प्रत्येक विषयाचे चार भाग असतात: ध्वनिचित्रित व्याख्यानं, वाचायचं साहित्य, प्रश्न विचारायला चर्चेची जागा आणि स्वतःला तपासायच्या चाचण्या. अधूनमधून संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी थेट तास होतात. सत्राअखेरची परीक्षा देखरेखीखाली होते. घरून कॅमेऱ्यासमोर द्यायची की केंद्रावर जाऊन, हे विद्यापीठ ठरवतं.

वेळेचा हिशेब मात्र जाहिरातीत सापडत नाही, तो आपणच मांडायला हवा. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचं शिकणं. सत्राला २० क्रेडिट धरले तर ६०० तास झाले. सहा महिन्यांचे २६ आठवडे धरले तर आठवड्याला २३ तास. पाळी करून, घरचं बघून रोज दोन तास आणि सुट्टीच्या दिवशी बारा काढले तर तेवढे भरतात. ते निघतील का, हे फी भरण्याआधी घरच्यांसोबत बसून बोलावं, कारण ते तास त्यांच्याही वाट्याचे आहेत. शिकवणं बहुतेक इंग्रजीत असतं. मराठी माध्यमातून आलेल्याला पहिलं सत्र जड जातं. पण लीड टाईम, रिजेक्शन, डिस्पॅच, शेड्यूल हे शब्द आपण कारखान्यात रोज वापरतोच, म्हणून दुसऱ्या सत्रात भाषेचं ओझं उतरायला लागतं.

मन होत नसेल तर आधी चाचपणी करावी. आयआयटींच्या एनपीटीईएलवर या विषयाचे आठ-बारा आठवड्यांचे अभ्यासक्रम असतात. शिकणं फुकट आणि प्रमाणपत्र हवं असेल तरच केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची. अमेरिकेतल्या एमआयटीनंही सप्लाय चेनची मायक्रोमास्टर्स मालिका ऑनलाईन खुली केली आहे. ही प्रमाणपत्रं कामाची आहेत, पण ती पदवी नव्हेत. एचआरच्या फॉर्ममध्ये ती पदवीच्या रकान्यात बसत नाहीत.

आता आत काय शिकवतात ते बघू. त्यासाठी पुन्हा त्या पोत्यांकडे जावं लागेल.

समजा रोज ८ पोती लागतात आणि ऑर्डर दिल्यापासून माल दारात यायला सरासरी १० दिवस लागतात. म्हणजे स्टोअरमध्ये ८० पोती उरली की ऑर्डर गेली पाहिजे. हे अनुभवी स्टोअरकीपरला तोंडपाठ असतं. पण सरासरी दहा म्हणजे दर वेळी दहा नव्हेत. कधी गाडी आठव्या दिवशी येते, कधी तेराव्या. मागच्या वर्षभराच्या आवक नोंदी काढून ही चलबिचल मोजायची. ती दोन दिवसांची निघाली, तर शंभरातल्या ९५ वेळा काम थांबू नये म्हणून १.६५ × २ × ८, म्हणजे साधारण २७ पोती जास्तीची ठेवायची. ऑर्डरची रेषा ८० वरून १०७ वर आली. मालक विचारतात, “एवढा माल कशाला अडकवून ठेवलाय?” त्यांना द्यायला आता ‘असू दे म्हणून’ याच्याऐवजी एक आकडा असतो. माझ्या मते फी वसूल होते ती इथं.

त्या गणितात पंचगंगा नदी मात्र नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ पुराचं पाणी पुणे-बेंगळुरू महामार्गावर आलं आणि वाहतूक काही दिवस बंद पडली. शिरोली एमआयडीसी नदीच्या पुण्याकडच्या बाजूला, तर गोकुळ शिरगाव आणि कागल अलीकडे. म्हणजे कच्छहून आलेली गाडी शिरोलीच्या दारात पोचू शकते तेव्हाही गोकुळ शिरगावची गाडी पलीकडेच उभी राहते, आणि इथून चाकणला निघालेलं कास्टिंग अलीकडे. शिरोलीची अडचण वेगळी: माल येईल, पण शहरात राहणारा कामगार नदी ओलांडून येणार नाही. एकाच शहराजवळचे दोन कारखाने, दोघांचा धोका निराळा. रस्ता सात दिवस बंद राहील असं धरलं तर गोकुळ शिरगावला आणखी ५६ पोती लागतात. ती वर्षभर ठेवायची गरज नाही, जूनच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत पुरे. पण नेमक्या त्याच दिवसांत हवेत ओल असते, म्हणून कोरडी जागाही लागते. पुस्तकात सूत्र मिळतं. नदीची बाजू आपल्यालाच ठाऊक असते.

दुसरी गोष्ट मागणीची. ट्रॅक्टरची विक्री थोडी घटली की कंपनी शेड्यूल त्याहून जास्त कापते, मशीनिंगवाला आणखी कापतो आणि फाउंड्रीपर्यंत येईतो भट्टी बंद ठेवायची पाळी येते. दोन महिन्यांनी उलट होतं, सगळ्यांना माल कालच हवा असतो. ही वाढत जाणारी हेलकाव्यांची चाल एमआयटीच्या जे फॉरेस्टर यांनी १९६१ च्या पुस्तकात मांडली. वर्गात ती ‘बिअर गेम’ नावाच्या खेळातून शिकवतात. दुकानदार, घाऊक विक्रेता, वितरक आणि कारखाना अशा चार जागा असतात आणि पुढच्याची ऑर्डर तेवढी आपल्याला दिसते. दुकानातली मागणी एकदाच वाढून स्थिर झाली तरी मागच्या टोकाला गोंधळ उडतो. ज्यानं शेड्यूल बदलल्याचे मेल झेललेत, त्याला हा खेळ समजावून सांगावा लागत नाही.

शेवटच्या सत्रात प्रकल्प असतो. नेटवरून उचललेल्या एखाद्या परदेशी कंपनीवर तो लिहू नये. आपल्याच स्टोअरवर करावा. मालकांची लेखी परवानगी घ्यावी, पुरवठादारांची नावं आणि दर झाकावेत, एकच माल निवडावा आणि वर्षभराच्या नोंदी स्वतः टिपाव्यात. बेंटोनाईटच घेतलं, तर एक तक्ता असा निघेल: डाव्या रकान्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी, उजवीकडे पोती. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ ही धोका पातळी. पाणी ३० फुटांवर गेलं की पुढची गाडी मागवून टाकायची, ३९ ला पोचायच्या आत ती पूल ओलांडून अलीकडे आलेली असली पाहिजे. तक्ता प्रकल्पाच्या वहीत जाईलच. त्याची एक प्रत स्टोअरच्या दारामागे, आवक रजिस्टरच्या वर चिकटवावी.