श्रद्धेचे समर्थन : इच्छामरणाच्या प्रश्नाच्या निमित्ताने

संत पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात श्रद्धावंतांवर एक काम सोपविलेले आहे. आपल्या आशेचा जाब कोणी विचारला तर त्याला उत्तर देण्याची तयारी असावी, आणि त्या उत्तरात उर्मटपणा नसावा. तेथे योजलेला मूळ ग्रीक शब्द ‘अपोलोगिया’ हा न्यायालयातील आहे. आरोपीने आपली बाजू मांडणे, असा त्याचा अर्थ. त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते व ती आम्ही सहसा विसरतो : न्यायासनाने जे विचारले त्याचेच उत्तर द्यावयाचे असते, आपल्या सोयीच्या प्रश्नाचे नव्हे. पाश्चात्त्य ग्रंथांत निरीश्वरवाद्यांना दिलेली उत्तरे आम्ही प्रवचनांतून भाषांतरित करून सांगतो. पण बेळगाव, इंदूर किंवा बडोदे येथे आमच्याशी वाद घालणारा सुशिक्षित मनुष्य बहुधा निरीश्वरवादी नसतोच. त्याच्या घरी देवघर असते, आणि तरीही आयुष्य ज्याचे त्याच्या मालकीचे, असे त्याला मनापासून वाटत असते.

येथे एक भेद स्पष्ट केलेला बरा. १९७६ सालच्या ४२ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेच्या उद्देशिकेत जी धर्मनिरपेक्षता नमूद झाली ती शासनाची वृत्ती आहे. तिच्याशी आमचे भांडण नाही. किंबहुना घटनेच्या २५ व्या अनुच्छेदाच्या आश्रयानेच आम्ही उपदेश करतो. ज्याला उत्तर द्यावयाचे ती धर्मनिरपेक्षता नव्हे, तर ऐहिकता होय : मनुष्याच्या जगण्यामरण्याचा हिशेब मनुष्यापाशीच संपतो, ही समजूत. ही समजूत आज सर्वांत स्पष्टपणे कोठे भेटते, असे कोणी विचारले तर आम्ही रुग्णालयातील अतिदक्षता विभागाकडे बोट दाखवू.

या विषयाला मराठीत जो शब्द रूढ झाला आहे तोच आधी पाहण्यासारखा आहे. ‘इच्छामरण’ म्हटले की मराठी मनापुढे शरपंजरी पडून उत्तरायणाची वाट पाहणारे भीष्म उभे राहतात. त्यांच्यामागून आळंदीस १२९६ साली समाधी घेणारे ज्ञानदेव, १९६६ साली प्रायोपवेशन करणारे सावरकर, आणि ज्यांचे शिक्षण बडोद्यात झाले ते विनोबा. नोव्हेंबर १९८२ मध्ये वयाच्या ८७ व्या वर्षी, हृदयविकाराचा झटका आल्यावर, विनोबांनी पवनार येथे अन्न, पाणी व औषध नाकारून देह ठेवला. बेळगाव भागात व इंदुरात आमचे जैन शेजारी सल्लेखनेला व्रत मानतात. राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये तिला गुन्हा ठरविले, तेव्हा त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिली. म्हणजे आमच्या भोवतालच्या संस्कृतीत स्वेच्छेने पत्करलेल्या मरणाला तपस्येचे वलय आहे. युरोपातील वादात हे वलय नाही. त्यामुळे तेथली उत्तरे येथे अपुरी पडतात.

विनोबांना आत्महत्या करणारा म्हणून जो धर्मशिक्षक वादाला आरंभ करील त्याचे पुढचे कोणी ऐकणार नाही, आणि न ऐकणाऱ्यास दोष देता येणार नाही. शिवाय ते म्हणणे अचूकही नाही. मरण समीप आले असता औषध नाकारणे ही गोष्ट आमच्या नीतिशास्त्रास मुळीच परकी नाही. मतभेद सुरू होतो तो अन्नपाण्यापाशी, आणि मरण यावे म्हणूनच ते सोडले असेल तर त्या हेतूपाशी. एवढा फरक आदराने सांगता आला तर संवाद चालू राहतो.

आता आमची शिकवण नेमकी काय, हे पाहू. दुःख असे की ती पुष्कळदा आमच्याच लोकांना ठाऊक नसते. यंत्र काढणे म्हणजे पाप, असे सरसकट सांगणारे धर्मसेवक आहेत. ख्रिस्तसभेने असे कधीही शिकविलेले नाही. सोळाव्या शतकात सालामांका विद्यापीठातील डोमिनिकन पंडित फ्रान्सिस्को दे व्हितोरिया यांनी रुग्णाच्या आहाराचा विचार करताना म्हटले होते, की सामान्य अन्न घेणे हे कर्तव्य आहे, पण वैद्याने आयुष्य वाढेल असे सांगितले तरी कोंबडी वा तित्तिरासारखे महागडे पदार्थ खाण्याचे बंधन नाही. जीव वाचविण्यासाठी आपली सारी मालमत्ता खर्चावी, असेही बंधन त्यांनी मानले नाही. हाच धागा पुढे नेत पोप बारावे पायस यांनी २४ नोव्हेंबर १९५७ रोजी भूलतज्ज्ञांपुढील भाषणात श्वसनयंत्राविषयी निर्णय दिला. रुग्णावर अथवा इतरांवर गंभीर भार पडणार नाही अशाच उपायांचे बंधन असते. त्यापलीकडचे उपाय योजण्यास मोकळीक आहे, सक्ती नाही. १९८० साली धर्मसिद्धान्त मंडळाने आणि १९९५ साली दुसऱ्या जॉन पॉल यांनी ‘एव्हांजेलियुम व्हिते’ या विश्वपत्रात हेच अधिक स्पष्ट केले. वेदना शमविण्यासाठी दिलेल्या औषधाने आयुष्य काहीसे कमी होण्याचा संभव असला, तरी हेतू वेदनाशमनाचाच असेल तर ते औषध देता येते, हेही बाराव्या पायस यांनी १९५७ सालीच सांगितले आहे.

‘इतरांवर’ हा शब्द आम्हांस अत्यंत मोलाचा वाटतो. घरची जमीन विकून, सावकाराचे कर्ज काढून वृद्ध पित्याला यंत्रावर ठेवणारी कुटुंबे प्रत्येक धर्मग्रामात आहेत. आणि सुधारण्याची आशा नाही असे डॉक्टरांनी सांगितल्यावर यंत्र काढण्यास संमती देऊन पुढे वर्षानुवर्षे आपण बापाला मारले या भावनेने झुरणारे मुलगेही आहेत. त्या मुलाने पाप केलेले नसते. पापनिवेदनाच्या वेळी त्याला हे निःसंदिग्ध शब्दांत सांगणे धर्मगुरूचे कर्तव्य आहे. जेथे बोजा नाही तेथे तो लादणे हे श्रद्धेचे रक्षण नव्हे.

मग विरोध कशाला? ज्या कृतीचा किंवा ज्या अकृतीचा हेतूच मरण घडविणे हा आहे, तिला. वृत्तपत्रांतून ‘निष्क्रिय इच्छामरण’ असा शब्दप्रयोग केला जातो, त्यात या दोन वेगळ्या गोष्टी एका पिशवीत कोंबल्या जातात : निरर्थक उपचार थांबवून मरणाला येऊ देणे आणि मरण यावे म्हणून काळजी घेणे थांबविणे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेही २०१८ साली आपल्या परिभाषेत हा शब्द टाळावा असेच सुचविले, ही समाधानाची गोष्ट होय. त्याच वर्षी ९ मार्च रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क २१ व्या अनुच्छेदात अंतर्भूत असल्याचे मानून असाध्य रुग्णाचे उपचार थांबविण्यास व त्यासाठी आगाऊ वैद्यकीय इच्छापत्र करण्यास मान्यता दिली. त्या निर्णयाचा बराचसा भाग, म्हणजे उपचारांच्या मर्यादेचा, आमच्या परंपरेशी जुळतो. न जुळणारा भाग आहे त्याच्या मुळाशी असलेली कल्पना : व्यक्तीची निवड हेच अखेरचे प्रमाण.

या कल्पनेला उत्तर देताना थेट पवित्र शास्त्राचे वचन पुढे करू नये. जीवन हे देवाचे दान आहे व आम्ही त्याचे कारभारी आहोत, हा आमच्या श्रद्धेचा गाभा खराच. परंतु ज्याने ती श्रद्धा स्वीकारली नाही त्याला ते कारण म्हणून पटत नाही. त्याच्याही विवेकाला तोलता येईल असे काही आधी ठेवावे. आम्ही विचारू, की आपल्या घरांतील म्हातारी माणसे खरोखर निवड करतात काय? सुनेला त्रास नको, नातवाच्या शिक्षणाचा पैसा औषधात जाऊ नये, असे म्हणून “आता पुरे” म्हणणारी आजी स्वतंत्र असते की लाजेने वाकलेली असते? मरण्याचा हक्क गरिबाच्या घरात पोहोचेपर्यंत त्याचे कर्तव्य झालेले असते. हा युक्तिवाद समजण्यास बाप्तिस्मा लागत नाही.

याचे एक उदाहरण मुंबईने देशापुढे ठेवले. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी केईएम रुग्णालयात अमानुष हल्ला झालेल्या परिचारिका अरुणा शानभाग पुढे जवळजवळ ४२ वर्षे त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या. त्यांचे अन्न थांबवावे अशी याचिका एका लेखिकेने करुणेपोटीच केली होती. तिच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण तेथील परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना भरविले, न्हाऊ घातले, अंगावर शय्याव्रण उठू दिला नाही. मार्च २०११ मध्ये न्यायालयाने त्या विशिष्ट याचिकेस नकार देताना त्यांच्याविषयी बोलण्याचा अधिकार या सेवकवर्गाचा मानला. शानभाग १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने वारल्या. दीर्घकाळ अचेतन असलेल्या रुग्णालाही, शरीर पचवू शकते तोवर, अन्नपाणी देणे कर्तव्य आहे, हे धर्मसिद्धान्त मंडळाने २००७ साली शब्दांत सांगितले. नाना धर्मांच्या त्या परिचारिका ते कितीतरी आधीपासून करीत होत्या. आमच्या समर्थनास असे साक्षीदार बाहेरून मिळतात, ते आम्ही मोकळ्या मनाने घ्यावेत.

सेवेवाचून युक्तिवाद पोकळ ठरतो, हे येथे ओघानेच आले. वेदनेने तळमळणाऱ्याला मरण मागू नकोस म्हणणाऱ्याने वेदना शमविण्याची सोय करावयास हवी. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या जाचामुळे कर्करुग्णांनाही मॉर्फीन मिळणे दुरापास्त झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने ती वाट कायद्यापुरती तरी सोपी केली. १९८६ साली वांद्रे येथे सुरू झालेले शांती आवेदना सदन हे देशातील या प्रकारचे पहिले सेवाकेंद्र, आणि गोव्यात लोटली येथेही त्याची शाखा आहे. किती धर्मगुरूंनी तेथे पाऊल टाकले असेल?

ज्या वैद्यकीय इच्छापत्राचा वर उल्लेख केला त्याविषयी धर्मशिक्षकांना आता विचारणा होऊ लागेल. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने पद्धत सुलभ केल्यापासून ते दोन साक्षीदारांसमोर करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे साक्षांकित करता येते. गोव्यात २०२४ साली उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी आपले इच्छापत्र नोंदविले, आणि जानेवारी २०२५ मध्ये कर्नाटकाच्या आरोग्य विभागाने या निर्णयाच्या अंमलबजावणीचा आदेश काढला. ख्रिस्ती मनुष्याने असे इच्छापत्र करण्यास हरकत नाही. मात्र त्यात आशा संपल्यावर कोणते भारी उपचार नकोत ते लिहावे, अन्नपाणी व वेदनाशमन चालू ठेवावे असे स्पष्ट म्हणावे, मरण घडविणारी कोणतीही कृती नको असे लिहावे, आणि शुद्ध असतानाच रुग्णाभ्यंगाच्या संस्कारासाठी धर्मगुरूंना बोलवावे, ही एक ओळ घालण्यास विसरू नये.