धार हातावर की जिगवर?

लाटणं, देव्हाऱ्याचा खांब, पाळण्याचा पाय. कातीव काम करणाऱ्या सुताराला लेथ थांबवून पुन्हा पुन्हा ग्राइंडरकडे जावं लागतं. बाभळीसारखं कठीण लाकूड असेल तर विचारूच नका. हत्यार नुसतं हातात धरून घासायचं, की जिगमध्ये, म्हणजे कोन पक्का ठेवणाऱ्या पकडीत, अडकवून?

मुरलेले कारागीर जिगचं नाव काढलं की नाक मुरडतात, आणि ते अगदीच चुकीचं नाही. तिरक्या पटाशीला किंवा चौकोनी ठोकळा गोल करायच्या जाड गौजेला (गोल पटाशीला) जिग लागत नाही. ग्राइंडरपुढची टेकणपट्टी हव्या कोनात आवळली की पटाशी तिच्यावर आडवी सरकवायची, गौज जागच्या जागी फिरवायची. झालं!

पंचाईत होते ती वाडगं आतून कोरायच्या गौजेची. तिच्या दोन्ही कडा मागे उतरत गेलेल्या असतात. धार देताना ती फिरवायची, झुलवायची आणि वर सरकवायची, सगळं एकदम. हात जरा हलला की धारेमागच्या उतारावर एकाऐवजी चार पैलू पडतात. ते मोडायला आणखी घासा. पोलाद असंच फुकट जातं. जिग हत्याराला जास्त धारदार करत नाही, फक्त कालचाच आकार आज पुन्हा देतो. त्यामुळे चाकाला ओझरता स्पर्श पुरतो. शिकाऊ माणसाने इथे मानापमान बाजूला ठेवावा.

परदेशी जिग महाग पडतो. पण पूर्णा जंक्शनसारख्या गावात वेल्डिंगवाल्याकडून पुढेमागे सरकणारा दांडा, त्याच्या टोकाला खाच आणि त्या खाचेत पाय टेकवून हत्यार धरणारा जिग करून घेता येतो. हत्यार जिगबाहेर किती काढायचं, त्यासाठी टेबलावर एक ठोकळा ठोकून ठेवायचा. दगडी चाक झिजून लहान होतं तसा कोनही बदलतो, हे मात्र विसरू नये. उतारावर मार्करची शाई फासून चाक हाताने किंचित फिरवावं. शाई टोकापासून टाचेपर्यंत पुसली गेली तरच मोटर सुरू करावी.

मोटरही बघून घ्यावी. बाजारातले बरेच ग्राइंडर मिनिटाला 2880 फेऱ्यांच्या आसपास फिरतात. 1440 वाला मिळाला तर उत्तम, धार कमी तापते. साध्या कार्बन पोलादाची धार निळी पडली की तिचं पाणी उतरलंच. हायस्पीड स्टील बरीच जास्त उष्णता सोसतं.

धार फक्त कठीण लाकडालाच लागते असंही नाही. सावंतवाडीच्या लाखकामाच्या खेळण्यांना पांगाऱ्याचं मऊ लाकूड वापरतात. मऊ म्हणून सोपं, असं वाटतं खरं. पण बोथट हत्याराखाली अशा लाकडाचे तंतू कापले न जाता उपटले जातात, आणि पॉलिश पेपर घासून ती जखम लवकर भरत नाही.