ज्वालामुखीच्या बेटावरील पर्वतदौड

हिंदी महासागरात, मादागास्करच्या पूर्वेस, रियुनियन हे फ्रेंच बेट आहे. ते आडवे ओलांडणारी एक पायी शर्यत १९८९ साली सुरू झाली. ती ऑक्टोबर महिन्यात भरते व तिला ‘वेड्यांचा कर्ण’ असे थट्टेचे नाव पडले आहे. अंतर सुमारे १७० किलोमीटर असून त्यात एकंदर चढ सुमारे १०,००० मीटर, म्हणजे एव्हरेस्टच्या उंचीहून अधिक भरतो. सर्वांत वेगवान धावपटूसही जवळजवळ एक अहोरात्र लागते.

हे बेट व आपली सह्याद्री यांचे नाते निकटचे आहे. भूगर्भातील ज्या उष्ण स्रोतावर रियुनियन उभे आहे, त्याच्यावरून सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड सरकत होता व त्या वेळच्या लाव्हारसापासून दख्खनचा काळा पाषाण बनला, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. रायपूरच्या वायव्येकडील मैकल रांगेच्या काही माथ्यांवरही हाच पाषाण आढळतो. रियुनियनचा पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी मात्र आजही जागृत आहे. तेथे पाऊसही प्रचंड पडतो: जानेवारी १९६६ मध्ये एका ठिकाणी २४ तासांत १,८२५ मिलिमीटर पाऊस झाला. अशा पावसाने जुना ज्वालामुखी कोरला जाऊन खोल दऱ्या व उभे कडे निर्माण झाले. माफात नावाच्या दरीत तर मोटाररस्ताच नाही.

अशा वाटेवर शरीराची खरी परीक्षा कोठे होते? चढावर दम लागतो, म्हणून तोच कठीण वाटतो. परंतु स्नायूंची अधिक हानी उतारावर होते. चढताना मांडीचे पुढचे स्नायू आखडून शरीर वर उचलतात. उतरताना तेच स्नायू शरीराचा भार तोलीत असतानाच ताणले जातात. त्यामुळे त्यांच्या तंतूंत सूक्ष्म इजा होते व एकदोन दिवसांनी पाय ठणकू लागतात. थोडथोडा उतार आधी सवयीचा केल्यास ही हानी बरीच कमी होते.

दुसरा धोका पाण्याचा. घामावाटे पाण्याबरोबर मीठही जाते. तहान नसता सतत पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियमचे प्रमाण घटते, मेंदूस सूज येते, भ्रम होतो व प्रसंगी मृत्यूही ओढवतो. ही लक्षणे थकव्यासारखीच दिसतात, म्हणून ती अधिक घातक होत.

सिंहगड, राजगड व तोरणा यांना जोडणारी दीर्घ शर्यत आता आपल्याकडेही होते. तेथे जाणाऱ्याने, आणि साध्या गडभ्रमणास निघालेल्यानेही, दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात: उतार म्हणजे विश्रांती नव्हे, आणि पाणी तहानेच्या मानाने प्यावे.