गळालेली सुपारी आणि पदवीची निवड

श्रावणातल्या सततच्या पावसात मुरुडच्या वाडीत सकाळी फिरणाऱ्याच्या पायाशी ज्या हिरव्याच सुपाऱ्या गळून पडलेल्या दिसतात, ज्यांची साल पाणी मुरल्यासारखी काळपट झालेली असते आणि ज्यांच्यावर दोन दिवसांत पांढरी बुरशी चढते, त्या कोळेरोगाने पडलेल्या असतात, हे येथील लहान मुलासही ठाऊक असते. परंतु बारावीला जीवशास्त्र घेतलेल्या मुलाने ती सुपारी हातात घेतली, म्हणजे त्याच्यापुढे एक नव्हे, तीन विद्या उभ्या राहतात.

ही पांढरी बुरशी खरी बुरशी नसून 'फायटोफ्थोरा' नावाचा निराळ्याच कुळातला जीव आहे; तो पावसाच्या थेंबाबरोबर घोसावर कसा पसरतो, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची ज्याला उत्कंठा, त्याने वनस्पतिशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. करावे. त्यासाठी रत्नागिरीचे गोगटे-जोगळेकर महाविद्यालय आहे, आणि नव्या धोरणानुसार तीन वर्षांनंतर संशोधनाचे चौथे वर्षही घेता येते. मोरचूद आणि चुना एकेक किलो घेऊन शंभर लिटर पाण्यात केलेले बोर्डो मिश्रण पाऊस सुरू होण्यापूर्वीच घोसावर का मारावे, या प्रश्नात ज्याचे मन रमते, त्याची जागा दापोलीस, 1972 साली स्थापन झालेल्या कोकण कृषी विद्यापीठात आहे. आणि झाडाहून रानाचा विचार ज्याला अधिक सुचतो, त्याच्यासाठी तेथेच वनशास्त्राची चार वर्षांची पदवी आहे. समुद्राकडे ओढा असणाऱ्यासाठी रत्नागिरीजवळ शिरगावला 1981 पासून मत्स्य महाविद्यालय चालू आहे.

येथे एक प्रशासकीय भेद पालकांनी आधीच समजून घ्यावा, कारण तो उशिरा कळला की हळहळ होते. राज्याच्या कृषी सेवेच्या परीक्षेस शेतकी किंवा तिच्याशी संलग्न विषयाचीच पदवी लागते, वनस्पतिशास्त्राच्या पदवीवर तेथे अर्ज दाखल होत नाही. उलट वनसेवेचे दार वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र या दोहोंच्या पदवीधरांना खुले आहे. वैद्यक आणि पशुवैद्यक यांची वाट 'नीट' परीक्षेतून जाते, शेतकीची सीईटीतून. 'नीट' हुकली म्हणून नाइलाजाने बी.एस्सी. करावयाची, ही समजूत मात्र मला अत्यंत घातक वाटते. ज्या विषयाचे नाव घरात पराभव म्हणून उच्चारले जाते, त्या विषयात मुलाचे मन लागावे तरी कसे?

याच मुरुड गावात वाढलेले धोंडो केशव कर्वे कोवळ्या वयात परीक्षेसाठी सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्यास पोचले, आणि वय लहान दिसते या सबबीवर तेथून परत पाठवले गेले. पुढे त्यांनी गणितात पदवी घेतली. त्या काळी निवडीला जागाच नव्हती, होती ती केवळ मिळेल त्या दारापर्यंतची पायपीट. आज दारे अनेक आहेत आणि जवळ आहेत, म्हणून ती उघडून आत पाहण्याचे श्रम तरी घ्यावेत. एक दिवस विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर कलमे बांधणाऱ्या हातांजवळ उभे राहावे, एक संध्याकाळ हर्णै बंदरावर मासळीच्या लिलावात घालवावी. एवढेच की ही संध्याकाळ निकाल हाती येताच, मे महिन्यातच गाठावी. कारण 1 जूनला मासेमारीची बंदी लागली की होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, आणि लिलावाचा गलबला थेट पावसाळा ओसरू लागल्यावरच पुन्हा ऐकू येतो.